आणखी कोण हजर होतं?

नामदेव पाटील व्हते. माझा भाऊ किसन व्हता, तोच मला तीर्थपुरीहून बैलगाडीत घेऊन आल्ता. मंत्र म्हणायला गावचा जंगम व्हता. दिवा धरायला दगडू न्हावी. मालकाची आंधळी चुलती गंगूबाई व्हती, ती बी माझ्यासारखीच मोकळ्या कपाळाची. अन मालक. एवढी माणसं. वाजंत्री न्हाई, मांडव न्हाई. तिन्हीसांजा टळल्यावर गोठ्याचा एक कोपरा झाडून घेतला, चटई टाकली, अन माझा पाट लागला. नवरा मेलेल्या बाईचं दुसरं लगीन आमच्यात असंच व्हायचं, चोरून केल्यासारखं.

वकील साहेब, ही नावं तुमाला सांगायची गरज न्हाई. परतूरच्या कोर्टात तुमीच मला इचारलं व्हतं, ‘त्या वेळी कोण कोण हजर होतं?’ मी हीच सांगितली. तुमी माझे वकील नव्हतेच. माझ्या पुतण्याचे व्हते, बबनचे. मी मालकाची बायको नव्हंच, नुसती घरात ठेवलेली बाई, असं ठरवायला तुमी उभे व्हते.

तुमी गेले, तुमचा तेरावा उरकला. पाव्हणे गेले. आज मी आले अन तुमच्या मंडळीला, शोभाताईला म्हणले, मला दुसरीपस्तोरच शाळा, जोडाक्षर आलं की माझा हात अडतो, तुमी लिहून घ्या. त्या म्हणल्या, ‘त्यांच्याविषयी मीच काय लिहू, मावशी. मी तर अजून रागात आहे.’ मी म्हणले, तुमी रागात राहा अन लिहा. आता त्या लिहून राह्यल्या. तुमची खुर्ची ओट्यावर हाय तशीच हाय. तिच्यावर कोणी बसलं न्हाई.

मी लई पाह्यलं हो. पहिला नवरा गवताच्या गंजीपाशी पान लागून, साप डसून गेला, त्याच्या तोंडाला फेस आला तव्हा मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले व्हते. सासरच्यायनं काढून दिलं. मोठ्या दुष्काळात खडी फोडली, हाताची साल गेली की चिंधी बांधायची अन पुन्हा हातोडा धरायचा. मंग पाट लागला. मालक चांगले व्हते. लेकरू झालं न्हाई. मालक गेले तसं बबननं दुधना नदीकडचं शेत माझ्या नावावर लागू नये म्हून कोर्टात काम घातलं. एवढं सगळं झालं तरी मला कशाचं नवल वाटलं न्हाई. माणूस मरतं, माणूस हाकलतं, माणूस खोटं बोलतं. ह्याच्यात नवल कशाचं. नवल मला एकदाच वाटलं, त्या दिवशी, तुमाला पाहून. ते अजून उतरलं न्हाई.

मी पिंजऱ्यात उभी. मोठे साहेब, जज्ज, म्हणले, ‘बाई, नवऱ्याचं नाव सांगा.’

‘मालक.’

‘मालक नाही. नाव.’

आमच्यात धन्याचं नाव तोंडानं घेत न्हाईत. मी म्हणले, ‘रामाच्या मागं वनवासात गेला, त्या भावाचं नाव.’

लिहिणारी पोरगी हसाया लागली. साहेब म्हणले, ‘भरत का?’

तव्हा तुमी उठले. ‘साहेब, भरत घरीच राहिला होता. लक्ष्मण लिहा.’

सगळं कोर्ट हसलं. मला बी हसू आलं. मनात म्हणले, हा उलटा वकील असून माझ्या मालकाचं नाव ह्यानंच बराबर लावून दिलं.

मंग तुमी सुरू झाले. हसणं गेलं तुमच्या तोंडावरचं.

‘पाट लागला म्हणता. कागद आहे काही?’

‘पाटाला कागद कुठला, साहेब.’

‘फोटो?’

‘गोठ्यात कोण फोटू काढतंय.’

‘कोण कोण हजर होतं?’

मी नावं सांगितली.

‘यातलं आज कोण जिवंत आहे?’

‘कोणीच न्हाई.’

‘म्हणजे तुमच्या बाजूनं बोलणारं कोणीच नाही. नीट आठवा. आणखी कोण हजर होतं?’

‘बस्स. एवढेच.’

‘पुन्हा विचारतो. आणखी कोण?’

‘एवढेच, साहेब.’

अन मी दाराकडं पाह्यलं. का पाह्यलं, मला बी कळलं न्हाई. तुमाला कळलं.

ताई, हे नीट लिहा, वाचणाराला ठाव नसंल. पाटाच्या बाईचं तोंड त्या दिवशी सवाशिणीनं पाहू नये, असं आमच्यात हाय. पाह्यलं तर तिचं कुंकू जातं म्हणतेत. म्हून त्या दिवशी घरातल्या सवाशिणी कोंडून घेतेत. पण गोठ्याच्या दाराआडून तव्हा एक हात आल्ता. हिरव्या बांगड्यायचा. तळव्यावर गुळाचा खडा. तोंड दिसलं न्हाई, पण घरात हिरवा चुडा एकीचाच व्हता. माझ्या थोरल्या जावेचा, यशोदीचा. दिवसभर माझ्या पोटात काही नव्हतं. तो गूळ मी खाल्ला.

पुढं काही सालानं तिचा नवरा तापानं गेला. तिनं दाराआडून पाह्यल्तं हे जर कोणाला कळलं असतं, तर ‘हिनंच खाल्ला नवरा’ म्हणले असते लोक. म्हून ती चारचौघात कधी बोलली न्हाई अन मी बी न्हाई. एका चुलीवर भाकरी केल्या आमी, चाऱ्यावरून भांडलो, महिना महिना तोंड पाह्यलं न्हाई एकमेकीचं, पण रागात सुदिक त्या गुळाचं नाव मी काढलं न्हाई. तर ती यशोदी म्हंजी बबनची माय. त्या दिवशी लेकासंगं कोर्टात आल्ती. दाराच्या बाहेर, व्हरांड्यात, पदर डोळ्यापस्तोर ओढून बसली व्हती.

तिचं नाव घेतलं असतं तर मी तिथंच जिंकले असते. मला ते बराबर कळत व्हतं. अन तुमाला बी कळलं, कारण बबननं तुमच्या ऑफिसात बसून तुमाला सांगितलं व्हतं की माय म्हणती पाट लागला व्हता, तिनं डोळ्यानं पाह्यला. पण माय कधी बोलणार न्हाई, तुमी बिनघोर चालवा. हे मला लई नंतर समजलं.

तुमी फाईल मिटली. हात कोटाच्या गुंडीपाशी गेला अन तिथंच राह्यला. मंग म्हणले, ‘साहेब, या बाई खरं सांगताहेत. पाट लागला होता. माझ्या अशिलानं मला स्वतः तसं सांगितलेलं आहे.’

लिहिणाऱ्या पोरीनं हात थांबवून वर पाह्यलं.

साहेबायनं चष्मा काढला. ‘वकील साहेब, तुम्ही काय बोललात ते कळतंय ना तुम्हाला?’

‘कळतंय.’

‘अशिलानं तुम्हाला विश्वासात सांगितलेलं तुम्ही इथं सांगताय. हे मला लिहूनही घेता येत नाही.’

‘माहीत आहे साहेब. मी या कामातून बाजूला होतो.’

मी कठड्याला धरून उभी. मला वाटलं माझे कान फुटले. एवढाल्या वयात मी कोणाला असं स्वतःच्या हातानं स्वतःचं घर पेटवताना पाह्यलं नव्हतं, अन ते बी इतक्या हळू आवाजात.

बाहेर बबननं तुमची कॉलर धरली. ‘वकील कोणाचा व्हता तू? माझा का तिचा?’

तुमी त्याचा हात काढला न्हाई. म्हणले, ‘तुझाच होतो. म्हणूनच ही चूक आहे.’

यशोदी हे समदं पाहत व्हती. तिनं चपला घातल्या अन एकटीच बसस्टँडकडं चालू लागली. पुढच्या तारखेला ती पिंजऱ्यात उभी राह्यली, लेकाच्या विरोधात. म्हणली, ‘मी दाराआड व्हते. सवाशीण असून पाह्यलं. गूळ दिला. आता काय म्हणायचं ते म्हणा.’ गावानं म्हणायचं ते म्हणलंच. अजून म्हणतेत. ती ऐकून घेती. पण तिच्या साक्षीवर निकाल लागला. साहेबायनं वाचून दाखवलं की ही बाई मालकाची कायदेशीर बायको हाय. मी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. त्यायनं वाचलं.

एवढ्या सालात माझ्याबद्दल पहिल्यांदा कोणी काही ठरवून सांगितलं व्हतं. तवर मी नुसतीच व्हते. ना इकडची, ना तिकडची.

मी सुटले अन तुमी अडकले. बबननं अर्ज केला, माझ्या वकिलानं माझं गुपित फोडलं, ह्याची वकिलीची सनद काढून घ्या. वकिलायची कमिटी बसली. मला हे कळलं तव्हा मी हरभऱ्याची भाजी घेऊन तुमच्या दारात आले, त्याच्याआधी ह्या ओट्यावर मी कधी चढले नव्हते. तुमी म्हणले, ‘बसा.’ मी पायरीवर बसाया लागले तर म्हणले, ‘तिथं नाही, खुर्चीवर.’ अन आत आवाज दिला, ‘शोभा, चहा टाक. ज्यांच्यामुळं तू मला बोलतेस त्या आल्यात.’

ताई हसून राह्यल्या लिहिता लिहिता. अन डोळे बी पुसून राह्यल्या.

त्या दिवशी आपलं जे भांडण लागलं ते मिटलंच न्हाई. मी म्हणले, ‘साहेब, तुमी खरं बोलले, त्याच्यात गुन्हा कसला?’

‘गुन्हा आहे, बाई. अशिलानं सांगितलेलं पोटात ठेवायचं. नुसता बाजूला झालो असतो, तोंड न उघडता, तर ते बरोबर झालं असतं.’

‘खोट्याला झाकायचं, हे बराबर?’

‘उद्या तुमच्यावर कोणी आळ घेतला. तुम्ही तुमच्या वकिलाला मनातलं सगळं सांगितलं, आणि त्यानं ते कोर्टात उभं राहून सांगून टाकलं. चालेल?’

मंग म्हणले, ‘न्हाई चालणार.’

‘मग?’

‘मंग तुमी कामून बोलले?’

तुमी चहाची बशी खाली ठेवली. म्हणले, ‘मी तुम्हाला ठेवलेली ठरवायला उभा होतो, आणि तुम्ही माझ्याच अशिलाच्या आईची अब्रू झाकून उभ्या होत्या. तुम्ही दाराकडं पाहिलं. त्याच्यानंतर तोच प्रश्न तिसऱ्यांदा माझ्या तोंडून निघेना. बाजूला झालो असतो तर दुसरा वकील आला असता आणि त्यानं तो विचारला असता.’

‘म्हंजी तुमी बराबर केलं.’

‘चूक केली. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन. दोन्ही खरं आहे.’

हे माझ्या डोक्यात अजून बसत न्हाई. चूक हाय तर करू नये. केली तर ती चूक न्हाई. मी किती खेपा आले ह्या ओट्यावर, कधी हुरडा घेऊन, कधी तुरीच्या शेंगा, अन दर खेपेला हेच. तुमी म्हणायचे, ‘आल्या उलटतपासणीला.’ मी म्हणायची, ‘उत्तर द्या आधी.’

एकदा मी ठरवून आल्ते. म्हणले, ‘साहेब, कमिटीपुढं मी शपथ घेऊन सांगते की यशोदीची गोष्ट मीच तुमाला आधी सांगितली व्हती. म्हंजी बबननं सांगितली असं न्हाईच. तुमी सुटले.’ शोभाताई दारात व्हत्या. त्यायच्या तोंडावर उजेड आल्ता, मी पाह्यला.

तुमी इतके कधी चिडले नव्हते. ‘ज्या तोंडानं त्या माणसांची नावं घेतली त्याच तोंडानं खोटं बोलणार? माझ्यासाठी? मग मी कशासाठी बोललो?’ अन उठून आत गेले. ताई दारातच उभ्या राह्यल्या. म्हणल्या, ‘मावशी, पक्षकार तुटले. बाररूममध्ये लोक यांच्या बाजूला बसत नाहीत. अन यांना कोणाची मदतही चालत नाही.’ मी भाजीची पिशवी झटकली अन गेले.

कमिटीपुढं मी आल्ते, खरं तेवढं सांगायला. लांबलचक टेबल, तिकडं तिघं मोठे वकील, मधले पांढऱ्या केसायचे. मला आधी इचारून घेतलं. मंग म्हणले, बसा बाकड्यावर. म्हून मी सगळं ऐकलं.

ते पांढऱ्या केसायचे चांगले माणूस व्हते. त्यायला तुमाला सोडायचं व्हतं, ते माझ्यासारखीला बी दिसत व्हतं. म्हणले, ‘तुमची इतक्या वर्षांची वकिली स्वच्छ आहे. दोन ओळी लिहून द्या की भावनेच्या भरात झालं, पश्चात्ताप आहे. समज देऊन मिटवू.’

तुमी म्हणले, ‘दोष मला कबूल आहे. पण पश्चात्ताप नाही. नसलेला लिहून दिला तर ते खोटं होईल.’

‘अहो, मग आम्हाला शिक्षा करावी लागेल.’

‘करा. नियम बरोबर आहे, तो मोडला तर शिक्षा झालीच पाहिजे. नाही तर उद्या कोणताच अशील वकिलापाशी खरं बोलणार नाही. मला माफी नको, साहेब. निकाल द्या.’

ते तुमच्याकडं पाहतच राह्यले. त्यायच्या हातातला पेन तसाच. मी बाकड्यावरून त्यायचं तोंड पाह्यलं अन मला वाटलं, हे नुसतं मला एकटीलाच झालं न्हाई तर. मोठी शिकलेली माणसं बी तुमच्यापुढं अशीच बसतेत, तोंडात बोट घालून.

येताना बसमध्ये तुमी खिडकीपाशी झोपून गेले. कोट घडी करून मांडीवर. तो कोट घालायची परवानगी राहती का जाती ते ठरायचं व्हतं, अन तुमी त्याच्यावर हात ठेवून लेकरासारखे झोपले. मी जागी व्हते. कोट मांडीवरून घसरला तव्हा मी तो वर घेतला.

निकाल काही आला न्हाई. तारीख पडायची, पुढं जायची. तुमी दर तारखेला कोट इस्त्री करून जायचे. ताई म्हणायच्या, ‘लिहून द्या हो त्या दोन ओळी.’ तुमी म्हणायचे, ‘येईल निकाल.’ अन एका सकाळी ताईनं चहा आणला तर तुमी ह्या खुर्चीवर बसलेले, पण उठले न्हाईत.

इथं ताईनं पेन ठेवला. म्हणल्या, ‘मावशी, मी त्यांना शेवटी काय बोलले माहीत आहे? मी म्हणाले, तुमच्या खरेपणानं घर जेवत नाही.’ मी म्हणले, ते बी खरंच हाय, ताई. ते बी लिहा. तुमचे मालक स्वतः म्हणायचे ना, दोन्ही खरं आहे. त्यायनं पेन उचलला. तर साहेब, तुमचं ते वाक्य मला आज जरा कळलं असं वाटतं. पुरतं न्हाई. जरा.

मातीला यशोदी आल्ती. मागं, बायकायच्या बी मागं, बाभळीपाशी उभी व्हती. जाताना तिनं ओंजळीतून काही सोडलं. मी जवळ जाऊन पाह्यलं न्हाई. गुळाचा खडा असंल असं माझं मन म्हणतं, पण मी तिला इचारलं न्हाई अन इचारणार बी न्हाई. आमची तशी रीत हाय.

तुमाला ‘उपकार झाले’ असं मी एकदा बी म्हणले न्हाई. म्हणले असते तर तुमी लगेच म्हणले असते, उपकार नाही बाई, चूक. म्हून राहून गेलं. आता म्हणते. तुमाला उत्तर देता येत न्हाई तोवर म्हणून घेते. लई उपकार झाले.

परवा ताईला कोणीतरी सांगितलं की माणूस गेला म्हंजी अर्ज आपोआप मिटतो. फाईल बंद. आता कोणी दोषी म्हणणार न्हाई, सांगणारा सांगत व्हता की बरंच झालं, नाव वाचलं. ताईला बी जरा बरं वाटलं. मला न्हाई वाटलं. मी उमरभर तशी राह्यले साहेब, कोणी काही ठरवलंच न्हाई अशी. बायको का ठेवलेली, कोणी सांगंना. त्याच्यात राहणं काय असतं ते मला ठाव हाय. ज्या माणसानं मला तिथून बाहेर काढलं, त्यालाच त्याच्यात ठेवून द्यायचं, हे मला पटत न्हाई.

ताई म्हणतेत, हे पेपरात देते. तर जो कोणी हे वाचंल, अन त्या कमिटीत ज्याच्या ओळखीचं कोणी असंल, त्यानं माझा एवढा निरोप द्यावा. फाईल बंद करू नका. दोषी ठरत असतील तर दोषी लिहा, पण ते काय बोलले ते बी लिहा. निकाल द्या.